ताई, याचं बिल फाडलं तं चालन का?

मागच्या वर्षी नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायला दोन-तीन दिवस होते, तेव्हाची गोष्ट. नागपुरात बर्डीला मोदी नंबर 3 मध्ये डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या एका मुलाचा फोन आला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांच्या स्मरणिका ही त्याची रोजची कामं. त्या आठवड्यात एका बंद पडलेल्या मासिकाच्या संपादकांनी त्याला सीडींचा गठ्ठा आणून दिला होता. सगळे अंक पेजमेकरमध्ये लावलेले, युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये. आज त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर नुसती चिन्हं दिसतात. ती चिन्हं वाचून युनिकोड मराठी करून देणारं एक छोटं मुक्त सॉफ्टवेअर मीच त्याला सुचवलं होतं.

"ताई, चालून तं मस्त राहिलं," तो म्हणाला. "पण त्याच्यात एका फाइलीच्या वरती लिहून आहे, फक्त शैक्षणिक व अव्यावसायिक वापरासाठी. मी तं लोकांकडून पैसे घेऊन राहिलो. याचं बिल फाडलं तं चालन का?"

मला उत्तर देता आलं नाही. चार वर्षं मी ते सॉफ्टवेअर वापरत होते, डेबियन या लिनक्सवरच्या मुक्त प्रणालीसाठी त्याचं पॅकेज करायचंही मनात होतं, पण ती फाइल मी कधी उघडली नव्हती. कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर प्रकल्पाच्या पानावर उजवीकडे "जीपीएल-2.0" असं दिसतं, म्हणजे जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची दुसरी आवृत्ती. त्यावर विश्वास ठेवून मोकळी झाले होते. तिथे दिसतं ते गिटहबने लायसन्स किंवा कॉपीइंग अशा नावाची फाइल वाचून लावलेलं असतं. बाकीच्या फायलींच्या डोक्यावर काय लिहिलंय ते गिटहब बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

त्या रात्री कूलरमध्ये पाणी भरून बसले आणि सगळ्या फायली एकेक करून उघडल्या. प्रकल्पाची ओळख देणाऱ्या रीडमी फाइलमध्ये लिहिलं होतं, "लायसन्स: जीपीएल". एवढंच, आवृत्ती नाही. कॉपीइंग फाइलमध्ये जीपीएलच्या जून 1991 च्या दुसऱ्या आवृत्तीचा पूर्ण मजकूर. जावास्क्रिप्टच्या फोल्डरमधल्या पॅकेज जेसन या माहितीच्या फाइलमध्ये "आयएससी", हा आणखी एक, कमी अटींचा परवाना. आणि ज्या फाइलीवर सगळं उभं आहे, कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर करायचं आणि कोणत्या क्रमाने, तिच्या डोक्यावर मराठीत ती ओळ: "फक्त शैक्षणिक व अव्यावसायिक वापरासाठी. 2003." एका घराला चार दारं आणि चारही दारांवर वेगवेगळ्या मालकांच्या पाट्या, असं ते दिसत होतं.

अशा वेळी लोक काय करतात ते मला माहीत आहे, कारण मीही ते केलेलं आहे. चारांतलं सोयीचं लायसन्स निवडायचं आणि पुढे जायचं. दुकानदाराला "चालतंय रे" म्हणायचं. पण त्या मुलाने प्रामाणिकपणे विचारलं होतं. त्याच्या बिलावर त्याचं नाव असणार होतं, माझं नाही.

माझे बाबा काटोल तालुक्यात तलाठी होते, आता निवृत्त आहेत. सकाळी चहाला त्यांना हे सांगितलं. कॉम्प्युटरचं त्यांना काही कळत नाही, पण मालकीचं सगळं कळतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पहिलं नाव कोणाचं लागलं होतं?"

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं अवजार. त्यातलं गिट ब्लेम मी लावून बघितलं. कोणती ओळ कोणी लिहिली ते यात दिसतं. इथे जवळजवळ प्रत्येक ओळीवर एकाच मुलाचं नाव, 2011 सालचं. तो आता पुण्यात असतो आणि हा प्रकल्प तोच सांभाळतो. पण फाइलीवर तर 2003 लिहिलंय, आणि गिट स्वतःच 2005 मध्ये आलं. म्हणजे आधी कोणीतरी लिहिलेलं सगळं त्याने एका दिवशी उचलून आत टाकलं आणि त्या दिवसापासून सगळ्या ओळी त्याच्या नावावर दिसू लागल्या. बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे फेरफार न होताच सातबाऱ्यावर नाव चढलं." गिटच्या इतिहासावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या कितीतरी लोकांना मी हे वाक्य नंतर ऐकवलं आहे.

पुण्याच्या मुलाला फोन केला. त्याने लगेच सांगितलं: मूळ काम सरांचं. सर नागपूरच्या एका कॉलेजात गणित शिकवत, निवृत्त झाल्यावर त्यांनी हे घरी बसून लिहिलं, सीडीवर घालून ओळखीच्या शाळांना वाटलं. हा त्यांच्याकडे शिकवणीला जायचा. "सर म्हणाले होते, टाक इंटरनेटवर, सगळ्यांना कामी येईल. मी जीपीएल लिहिलं. मला तेव्हा एवढंच माहीत होतं." आणि सर? "सर 2016 मध्ये गेले."

इथे कायदा थोडा सांगावा लागेल, कारण अनेक जणांना वाटतं की माणूस गेला, सॉफ्टवेअर फुकट वाटलेलं होतं, मग प्रश्नच संपला. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा साहित्यकृती धरला जातो, आणि साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून 60 वर्षं चालतो. सर 2016 मध्ये गेले, म्हणजे 2076 संपेपर्यंत तो हक्क त्यांच्या वारसांचा. तो मिळवायला कुठे नोंदणी लागत नाही, लिहिलं की तो आपोआप येतो. आणि परवाना द्यायचा तर तो मालकाने लेखी द्यायला हवा, असं याच कायद्याचं कलम 30 म्हणतं. "टाक इंटरनेटवर" हे सरांचं तोंडी बोलणं होतं, आणि फाइलीवर त्यांनी स्वतः लिहिलेलं वाक्य त्याच्या उलट होतं.

माझी एक मैत्रीण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करते. तिने आणखी एक वाट दाखवली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2007 मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सांगितलंय की नुसत्या मेहनतीला कॉपीराइट मिळत नाही, कृतीत थोडी तरी सर्जनशीलता हवी. "या चिन्हाचं हे अक्षर" एवढा तक्ता असेल तर तो हक्काबाहेर आहे असा वाद घालता येईल, ती म्हणाली. पण फाइल नुसता तक्ता नव्हती. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रफार जुन्या फॉन्टमध्ये अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. हे उलटसुलट नीट लावायला सरांनी जे नियम लिहिले होते त्यात त्यांचं डोकं दिसतं. आणि समजा वाद घालता आला असता, तरी ज्यांचं घर माझ्यापासून स्कूटीने दहा मिनिटांवर आहे त्यांना न विचारता कायद्यातली फट शोधायची, हे मला पटेना.

प्रतापनगरला काकूंकडे, सरांच्या पत्नीकडे, गेले तेव्हा दुपारचे चार वाजले होते, डांबर पायाला चिकटत होतं. काकूंनी आधी पन्हं दिलं, मग माझं ऐकून घेतलं. ती ओळ मोबाइलवर दाखवल्यावर त्या लगेच म्हणाल्या, "हे यांनी का लिहिलं ते मला माहीत आहे." सरांनी एकदा दहावीच्या मुलांसाठी गणिताच्या प्रश्नांचा संच करून फुकट वाटला होता. पुढच्याच वर्षी तो कोणीतरी पुस्तक छापून विकला, वर छापलं की नक्कल करण्यास मनाई आहे. सर फार दुखावले. नंतर जे काही वाटलं त्या प्रत्येक कागदावर ते हे वाक्य लिहू लागले.

हे कळलं आणि काम सोपं झालं, अवघडही झालं. सोपं यासाठी की सरांना नको होतं ते नेमकं जीपीएललाही नको असतं: कोणी घ्यावं, बदलावं आणि मग दुसऱ्यांना त्याचा दरवाजा बंद करावा. जीपीएलखालचं सॉफ्टवेअर पुढे वाटणाऱ्याला त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, त्याच अटींवर द्यावा लागतो. अवघड यासाठी की जीपीएल पैसे घ्यायला मनाई करत नाही. दुकानात वापरून बिल फाडता येतं, सीडीवर घालून विकताही येतं. हे मी काकूंना सांगितलं नसतं तर सही त्याच दिवशी मिळाली असती. मी सांगितलं. "कोणी विकलं तर तुम्ही अडवू शकणार नाही काकू, पण विकत घेणाऱ्यालाही तेच सगळे हक्क मिळतील, आणि कोणी नक्कल करण्यास मनाई लिहिलं तर ते चूक ठरेल." काकू म्हणाल्या, मला चार दिवस दे.

परत येताना वाटलं, सगळं बिनसलं. तरी तसंच सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. परवाना देणाऱ्याला आपण काय देतोय ते कळलं नसेल तर त्या सहीला काय अर्थ?

त्या चार दिवसांत बाकीचं हाती घेतलं. जावास्क्रिप्टचा भाग 2014 मध्ये दुसऱ्या एका मुलाने लिहिला होता. त्याला ईमेल केलं, आयएससी का निवडलं? त्याचं उत्तर आलं, मी काही निवडलंच नव्हतं, एन्टर दाबत गेलो. खरंच, जावास्क्रिप्टचा नवा प्रकल्प सुरू करणारी एनपीएम इनिट ही आज्ञा चालवली की लायसन्सच्या प्रश्नाला आयएससी हे उत्तर आधीच भरून येतं. प्रोग्राम बांधायला मदत करणाऱ्या ऑटोमेकचंही तसंच आहे. कॉपीइंग फाइल नसेल तर ॲड-मिसिंगचा पर्याय दिल्यावर ते जीपीएलची तिसरी आवृत्ती स्वतःच आणून ठेवतं. त्यामुळे एखाद्या प्रकल्पात परस्परविरोधी लायसन्स दिसली की मी आता आधी हे बघते, यातलं माणसाने लिहिलेलं कोणतं आणि अवजाराने ठेवलेलं कोणतं. शिवाय त्याचा भाग सरांच्या नियमांचंच जावास्क्रिप्टमधलं रूपांतर होतं. मूळ मालकाच्या परवानगीशिवाय त्यावर आयएससी लावणं त्याच्या हातात नव्हतंच. तो आनंदाने जीपीएलला तयार झाला. पण 2014 मध्ये तो एका कंपनीत नोकरीला होता, आणि नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. हे त्याने घरी केलं होतं, तरी त्याच्या करारातलं वाक्य इतकं ऐसपैस होतं की त्यानेच स्वतःहून कंपनीला विचारलं. एका ओळीचं "आमचा हक्क नाही" असं पत्र यायला तीन आठवडे लागले. त्या मुलाचं मला कौतुक वाटतं. त्याला या सगळ्यातून काहीच मिळणार नव्हतं.

तिसरा माणूस मात्र सापडला नाही. त्याचं एकच कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेला एकच बदल होता, चाळीसेक ओळींचा, पण मराठीच्या दृष्टीने ते मोलाचं. दऱ्या, सुऱ्या, पुऱ्या, तऱ्हा, ऱ्हास यांतला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र. हिंदीत तो नाही, त्यामुळे हिंदीसाठी केलेल्या कन्व्हर्टरमध्ये तो बिघडतो. त्या माणसाचा ईमेल पत्ता मेलेला, दुसरीकडे कुठे त्या टोपणनावाने कोणी नाही. दोन आठवडे वाट बघितली. मग तेवढा भाग काढून टाकून नव्याने लिहायचं ठरवलं. मी जुना कोड वाचला होता, नकळत नक्कल होऊ नये म्हणून मी लिहायचं नाही. आमच्या त्रिमूर्तीनगरच्या शेजारची इंजिनियरिंगची विद्यार्थिनी तयार झाली, तिने तो कधी पाहिला नव्हता. पण तिला नियम कोण सांगणार? बर्डीचा तो डीटीपीवाला मुलगा. त्याने एका रविवारी वहीच्या तीन पानांवर शब्द लिहून दिले. कोणत्या फॉन्टमध्ये हा र कुठल्या कळीवर आहे, टाइप करणारे त्याऐवजी चुकून काय टाइप करतात, "दर्या" आणि "दऱ्या" यांत कुठे गोंधळ होतो, सगळं. नवा कोड जुन्यापेक्षा चांगला झाला. जुन्यात ओळीच्या सुरुवातीचा ऱ्ह सुटत होता.

पाचव्या दिवशी काकूंचा फोन आला. मुलगा बेंगळुरूला आणि मुलगी अमरावतीला, दोघांशी त्या बोलल्या होत्या. तिघेही वारस, त्यामुळे तिघांची संमती हवी हे बाबांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं: "एका सहहिस्सेदाराने सही नाही केली तं पुढे तोच उभा राहते." मुलाची शंका रास्त होती. सॉफ्टवेअर चुकलं आणि कोणाचं नुकसान झालं तर आम्हाला कोर्टात ओढणार का? त्याला जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीची 11 आणि 12 ही कलमं पाठवली, कुठलीही हमी नाही असं तिथे स्पष्ट आहे. मुलीने वेगळं विचारलं, आणि तो प्रश्न मला फार आवडला. रीडमीत नुसतं जीपीएल आहे, मग तुम्ही पत्रात "आवृत्ती 2 किंवा त्यानंतरची कोणतीही" असं का लिहिताय?

उत्तर असं आहे. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचं नववं कलम म्हणतं की प्रोग्रामने आवृत्तीचा आकडा सांगितला नसेल तर घेणाऱ्याने प्रकाशित झालेली कुठलीही आवृत्ती निवडावी. म्हणजे नुसतं "जीपीएल" लिहिलं तर सगळ्या खुल्या. पण शेजारी दुसऱ्या आवृत्तीची कॉपीइंग फाइल ठेवली म्हणजे आकडा सांगितला असं धरायचं का? यावर दोन मतं आहेत आणि दोन्हीकडे शहाणी माणसं आहेत. या प्रकल्पात त्याने खरा फरक पडत होता. 2015 मध्ये पुण्याच्या मुलाने वर्डच्या फायली वाचायला अपाचे 2.0 या वेगळ्या परवान्याखालची एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, आत घेतली होती. अपाचे 2.0 आणि "फक्त जीपीएल 2" हे एकत्र जोडून वाटता येत नाहीत. जून 2007 च्या जीपीएल 3 बरोबर मात्र अपाचे 2.0 चालतं. "किंवा त्यानंतरची" हे शब्द नसते तर वर्डवाला भाग फेकावा लागला असता. या दोन्हींमधला फरक स्पष्ट दिसावा म्हणूनच लायसन्सना ठरावीक छोट्या खुणा देणाऱ्या एसपीडीएक्सच्या यादीने जुनी "जीपीएल-2.0" ही खूण मोडीत काढून "ओन्ली" आणि "ऑर-लेटर" अशा दोन वेगळ्या खुणा केल्या. लिनक्सच्या कर्नलमध्येही हजारो फायलींवर लायसन्सचा एक शब्द नव्हता, 2017 च्या शेवटी 4.14 या आवृत्तीपासून त्यांनी त्या खुणा घालायला सुरुवात केली.

पत्र मी मराठीतच केलं. कोणत्या फायली, कोणी लिहिल्या, कोणतं वाक्य आता लागू राहणार नाही, त्याऐवजी कोणता परवाना. दीड पान. काकूंनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि एक दुरुस्ती केली. मी "वाक्य रद्द करण्यात येत आहे" लिहिलं होतं. तिथे त्यांनी "यांचा हेतू जपण्यासाठी बदलण्यात येत आहे" असं करून घेतलं. मग सही. मुलाची आणि मुलीची पत्रं कुरियरने आली.

पुढचं काम दोन संध्याकाळींचं. प्रत्येक फाइलीवर कॉपीराइटची ओळ आणि एसपीडीएक्सची खूण, लायसन्सेस फोल्डरमध्ये पूर्ण मजकूर, प्रत्येक फाइलीवर परवाना आहे का ते बघणाऱ्या रियूज या अवजाराची तपासणी चालवून एकही फाइल उघडी राहिली नाही याची खात्री. पत्राचा मजकूर गिटहबवरच्या प्रकल्पात ठेवला, सह्या आणि पत्ते असलेल्या मूळ प्रती माझ्याकडे आणि झेरॉक्स पुण्याला. लोकांच्या सह्या इंटरनेटवर टाकू नयेत. फॉन्टचं एक फोल्डरही होतं, कोणीतरी सोयीसाठी टाकलेलं, विकत मिळणारे फॉन्ट. ते विचार न करता काढून टाकलं. डेबियनच्या कॉपीराइट फाइलमध्ये आता या सॉफ्टवेअरचे चार परिच्छेद आहेत आणि प्रत्येकामागे कागद आहे.

बर्डीला फोन करून सांगितलं, फाड बिल. त्याने आधीच पाच अंक करून ठेवले होते, पण पैसे घेतले नव्हते.

जूनच्या शेवटी, पहिला पाऊस होऊन गेल्यावर, काकूंना दाखवायला गेले. फाइलीच्या डोक्यावर आता सरांचं नाव आहे, देवनागरीत, नावाच्या आधी 2003. काकूंनी मोबाइल हातात घेतला, बोटाने अक्षरं मोठी केली आणि मान हलवली. "2003 नाही. सीडी केली ती 2003. लिहून झालं होतं 2002 च्या दिवाळीत, मी फराळाला हाका मारत होते आणि हे उठेनात." आत जाऊन त्यांनी एक वही आणली. पहिल्या पानावर सरांच्या अक्षरात वेलांटीचा नियम होता, खाली तारीख, नोव्हेंबर 2002. मी तिथेच बसून पुण्याच्या मुलाला मेसेज केला. रात्री त्याने ती ओळ बदलली: 2002, 2003.